मूल कोणाकडे, भेट कुठे?

भोकरदन तालुक्यात माहेरी आलेल्या आईजवळ मूल कायम राहत असेल, तर १८९०च्या पालक व पाल्य कायद्याखालचा ताब्याचा अर्ज नवरा पुण्यात असला तरी जालना जिल्ह्यातच चालतो. मूल नेहमी राहते तो जिल्हा कायदा मोजतो.

हिंदू कुटुंबांत पाच वर्षांखालचे मूल सामान्यतः आईकडे (१९५६चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, कलम ६). आई-बाप दोघांच्याही हक्काआधी मुलाचे हित येते. म्हणूनच ताब्याचा आदेश कधीच कायमचा नसतो. परिस्थिती बदलली की तो बदलून मागता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७३मध्येच सांगितले.

घरात मारहाण असेल, तर २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २१खाली दंडाधिकारी तात्पुरता ताबा देऊ शकतात, आणि भेटीने मुलाला अपाय होणार असेल तर भेट नाकारूही शकतात.

देखरेखीखालची भेट म्हणजे बापाला शिक्षा नव्हे. डिसेंबर २०२४मध्ये तामिळनाडूतील एका प्रकरणात दोन वर्षांच्या मुलीला दर रविवारी दूरच्या करूरला न्यावे लागत होते. सर्वोच्च न्यायालयाने भेट तिच्याच गावी, मदुराईत, बागेत किंवा मंदिरात ठेवली. आईने सुमारे दहा फुटांवर थांबायचे. एसटीने मुलाला घेऊन तारखेला जाणाऱ्या आईने हा निकाल वकिलाला जरूर सांगावा.

वकिलाची फी परवडत नाही? स्त्रिया व मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा.