पाना टेकला आणि बॅटरी तापली, असे का होते?



गळीत हंगामात वजनकाट्यापुढे ऊस वाहनांची रांग लागते आणि रांगेतच ट्रॅक्टरची बारीकसारीक दुरुस्ती चाललेली असते. अशाच एका रात्री एक ड्रायव्हर बॅटरीच्या धन टर्मिनलचा नट आवळत होता. पान्याचे दुसरे टोक शेजारच्या पत्र्याला टेकले. चर्र आवाज झाला, ठिणग्या उडाल्या, पाना जागीच चिकटला आणि तो ओढून काढताना गड्याचा तळहात पोळला. मलम लावता लावता तो म्हणाला, "साहेब, बारा व्होल्टाची तर बॅटरी! एरवी दोन्ही टर्मिनलांना हात लावला तरी मुंग्या येत नाहीत. मग आजच हे कसं झालं?"

प्रश्न रास्त आहे. व्होल्ट म्हणजे विजेचा दाब आणि अँपिअर म्हणजे वाहणारा प्रवाह. पाण्याची टाकी किती उंच आहे यावर दाब ठरतो. पण पाणी किती येईल, हे पाइप किती मोकळा आहे यावर ठरते. या वाटेतल्या अडथळ्याला विजेच्या भाषेत रोध म्हणतात आणि तो ओहममध्ये मोजतात. आपल्या कोरड्या कातडीचा रोध हजारो ओहम असतो, म्हणून १२ व्होल्टाचा दाब हातातून नावापुरताच प्रवाह ढकलू शकतो. लोखंडी पान्याचा रोध मात्र एका ओहमच्या हजाराव्या भागाच्या आसपास. म्हणजे टाकी बुटकीच, पण तळाची मोरी सताड उघडली!

आता प्रवाहाला अडवणारे उरते काय? फक्त बॅटरीचा स्वतःचा, आतला रोध. ट्रॅक्टरच्या चांगल्या बॅटरीत तो साधारण एका ओहमचा शंभरावा भाग किंवा त्याहूनही कमी असतो. १२ ला ०.०१ ने भागले की १,२०० अँपिअर येतात. दाब गुणिले प्रवाह केले की १४,४०० वॅट, म्हणजे सुमारे १९ हॉर्सपॉवर. पाच हॉर्सपॉवरच्या जवळपास चार मोटारी चालतील एवढी शक्ती! हा हिशेब अंदाजाचा आहे. बॅटरी जुनी असेल, सांधा गंजलेला असेल, तर आकडा खाली येईल. तरी प्रवाह शेकड्यांतच राहील.

मोटार असती तर या शक्तीचा मोठा भाग पाणी उपसण्यात गेला असता. इथे काम काहीच नाही. विजेचे कण धातूतून धावताना त्याच्या अणूंवर आदळतात, अणू जोराने थरथरतात, आणि त्या थरथरीलाच आपण उष्णता म्हणतो. जेम्स ज्यूल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४१ साली याचा नियम प्रसिद्ध केला: रोध तोच ठेवून प्रवाह दुप्पट केला, तर उष्णता चौपट होते.

इथे कुणी विचारील, पान्याचा रोध इतका कमी, मग पाना तापायला नको होता. शंका बरोबर आहे. जाड पाना मधोमध त्या मानाने कमीच तापतो. तो टेकतो ती जागा सुईच्या टोकाएवढी असते. सगळा प्रवाह तिथून जाताना धातू वितळतो आणि वेल्डिंग होते. बाकीची बहुतेक उष्णता बॅटरीच्या पोटात, प्लेटा आणि ॲसिडमध्ये निघते. म्हणून पाना काढल्यावरही बॅटरी गरम लागते. पान्याऐवजी बारीक तार असती तर ती लालभडक होऊन तुटली असती.

टॉर्चचे आठ सेल जोडले तरी १२ व्होल्टच होतात. पण त्यांचा मिळून आतला रोध दोनेक ओहम असतो, म्हणून प्रवाह सहा अँपिअरच्या पुढे जात नाही. दाब एकच, पण तोटी बारीक.

ठिणगीचा दुसरा धोका हायड्रोजनचा. बॅटरी चार्ज होताना हा वायू निघतो आणि हवेत ४ टक्के झाला तरी पेट घेतो. बॅटरी फुटली की ॲसिड तोंडावर येते. डोळ्यात गेले तर भरपूर पाण्याने धूत राहावे आणि दवाखाना गाठावा. भोवती पाचट पडलेले असेल तर काय होईल, ते सांगायला नको.

बॅटरी सोडताना आधी ऋण टर्मिनलची, म्हणजे अर्थची केबल काढावी आणि जोडताना ती शेवटी लावावी. ट्रॅक्टरचा सांगाडा बहुधा ऋण टर्मिनलला जोडलेला असतो. ती केबल सुटली की धन बाजूवरचा पाना पत्र्याला लागला तरी वाट पुरी होत नाही. आमच्या ड्रायव्हरने नेमके उलटे केले होते. अंगठी, कडे आधी काढून खिशात घालावे. स्टार्टरच्या जाड केबलवर बहुतेक ट्रॅक्टरांत फ्यूज नसतो, आणि दिव्यांच्या वायरिंगवर असतो तिथे आपली मंडळी जाड तार अडकवतात! फ्यूज हा वितळण्यासाठीच ठेवलेला असतो. तो वितळला नाही तर वायरिंग वितळते.

हल्ली फवारणी पंपात लिथियम बॅटऱ्याही येतात. त्यांचाही आतला रोध फार कमी, आणि शॉर्ट होऊन त्या पेटल्या तर आग विझवणे अवघड. अशी सुटी बॅटरी खिळे, साखळी, पाने असलेल्या पेटीत टाकू नये. टर्मिनलांवर चिकटपट्टी लावून वेगळी ठेवावी.