कात्रजचा पांढरा वाघ, पंधरा वर्षांनी

ज्यांचे इअरफोन नेहमी घरीच राहतात, त्यांच्यासाठी या भागाचं हे वाचायचं रूप.

गेल्या महिन्यात आम्ही चौघं कॉलेजचे मित्र कात्रजच्या झूमध्ये जाऊन आलो. पाटीवर नाव राजीव गांधी प्राणिसंग्रहालय, पण आमच्याकडे सगळे 'सर्पोद्यान'च म्हणतात. त्याला कारणही आहे. सर्पोद्यान इथे आधी आलं, १९८६ मध्ये, नीलिमकुमार खैरे यांच्या पुढाकारानं. मोठं प्राणिसंग्रहालय १९९९ चं. त्याआधी पुण्याचे वाघ-सिंह सारसबागेजवळच्या पेशवे पार्कात असायचे. म्हणजे आईबाबांच्या पिढीचं बालपण पेशवे पार्क आणि फुलराणी, आणि आमचं बालपण स्वारगेटहून पीएमटी पकडून कात्रज. खिडकीची सीट, आईच्या पिशवीत पोळीभाजीचा डबा, आणि डोक्यात एकच गोष्ट: पांढरा वाघ.

आता गंमत बघा. चौघांपैकी एक यायलाच तयार नव्हता. तो टेस्टर आहे, त्यामुळे प्रत्येक प्लॅनमध्ये बग शोधणं हा त्याचा धर्म. म्हणाला, "तुरुंग बघायला तिकीट काढून कोण जातं?" मिसळीचं आमिष दाखवून त्याला गाडीत बसवला, पण प्रश्न काही गाडीतून उतरला नाही. दिवसभर आमच्यासोबत फिरला.

लहानपणीच्या जागा मोठेपणी लहान वाटतात म्हणतात. कात्रजला उलटं झालं. १३० एकरांचा परिसर, आत पेशवेकाळापासूनचा तलाव (शनिवारवाड्याला पाणी इथूनच जायचं), आणि दुपारी बाराचं ऊन! लहानपणी हे सगळं बाबांच्या खांद्यावरून पार केलं होतं, हे पाय दुखायला लागल्यावर लक्षात आलं.

पांढऱ्या वाघापाशी पोचलो तर साहेब आमच्याकडे पाठ करून झोपलेले. शेजारी एक कुटुंब. त्यातले काका हाताचा कर्णा करून "ए राजा, उठ!" ओरडत होते. पोरं खूश. तर आधी हे सांगतो. वाघ मुख्यतः पहाटे, संध्याकाळी आणि रात्री हालचाल करतो. दुपारी तो झोपलेला दिसला तर तो आजारी किंवा आळशी नाही, वाघासारखा वागतोय. आणि झूमध्ये प्राण्याला डिवचणं, खायला घालणं, एवढंच काय, आवाज करून त्रास देणं हासुद्धा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. कलम ३८-जे. मैत्रिणीनं मोबाइलवर ते कलम काढून काकांना अगदी गोड आवाजात वाचून दाखवलं. काका म्हणाले, "अहो ताई, पोरांसाठी आलोय." पण गप्प झाले.

मग आमच्यातला एकजण म्हणाला, "हे सैबेरियाचे ना? बर्फात लपायला पांढरे?" हा समज खूप जणांचा असतो. पण पांढरा वाघ ही वेगळी जात नाही. तो आपलाच पट्टेरी बंगाल वाघ. त्याच्या एका जनुकात, एसएलसी४५ए२ त्याचं नाव, एका अक्षराचा फरक असतो. चिनी शास्त्रज्ञांनी तो २०१३ मध्ये शोधला. हजारो ओळींच्या कोडमध्ये एक कॅरेक्टर बदललं आणि स्क्रीनचा रंगच गेला, असं समजा. पिवळा-तांबडा रंग बनत नाही, काळे पट्टे मात्र राहतात.

हे जनुक अप्रभावी आहे. शाळेतले मेंडेलचे वाटाणे आठवा. आई आणि बाप दोघांकडूनही तीच प्रत आली, तरच पिल्लू पांढरं. एकच आली तर पिल्लू दिसायला नेहमीसारखं, पण बदल पोटात घेऊन फिरणारं. जंगलात असे दोन वाघ एकमेकांना भेटणं फार क्वचित. मग झूमध्ये इतके पांढरे वाघ कुठून आले?

इथे गोष्ट मध्य प्रदेशात जाते. १९५१ मध्ये रेवाचे महाराज मार्तंड सिंह यांनी एक पांढरा बछडा पकडला. नाव ठेवलं मोहन. आधी त्याची जोडी साध्या रंगाच्या बेगम नावाच्या वाघिणीशी लावली. सगळी पिल्लं पट्टेरी पिवळी. मग त्यांच्यातलीच एक, राधा, मोहनसोबत ठेवली. म्हणजे बाप आणि मुलगी. १९५८ मध्ये राधाला चार पिल्लं झाली, चारही पांढरी. त्यातली मोहिनी १९६० मध्ये थेट वॉशिंग्टनच्या झूमध्ये गेली. आज जगभरातल्या झूंमधल्या पांढऱ्या वाघांचा वंश बराचसा या एकट्या मोहनपर्यंत जातो.

रंग टिकवायचा म्हणून पिढ्यान्‌पिढ्या नात्यातच जोड्या लावल्या गेल्या. नात्यात संकर झाला की लपलेले बाकीचे दोषही जोडीनं वर येतात. शिवाय पांढऱ्या वाघांमध्ये तिरळेपणा बराच दिसतो. तो मात्र या रंगाशीच बांधलेला आहे: डोळ्यांकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसांची वायरिंगच वेगळी होते. सयामी मांजरांमध्येही हाच प्रकार आढळतो.

टेस्टर एवढा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे हा वाघ आपल्यासाठी बनवलाय." खरं सांगायचं तर यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो वाघ जगात आहे, कारण खिडकीच्या सीटवर बसलेल्या पोरांना पांढराच वाघ बघायचा असतो.

पण तुरुंगाचा मुद्दा मला पूर्ण पटत नाही. त्याला मी दार्जिलिंगचं उदाहरण दिलं. तिथल्या पद्मजा नायडू प्राणिसंग्रहालयानं बंदिवासात वाढलेल्या दोन रेड पांडा माद्या २००३ मध्ये सिंगालीलाच्या जंगलात सोडल्या. अरबी ओरिक्स तर १९७२ मध्ये जंगलातून संपलाच होता. झूमध्ये वाढवलेल्यांमधून तो १९८२ मध्ये ओमानच्या वाळवंटात परत गेला. म्हणजे पिंजरा कशासाठी आहे हे विचारावं लागतं. जात वाचवायला जोड्या लावणं वेगळं आणि रंग वाचवायला लावणं वेगळं. पांढऱ्या रंगानं जंगलातल्या वाघांचं काहीच भलं होत नाही. माझं मत विचाराल तर आत्ता जे आहेत त्यांना नीट सांभाळावं आणि नवे जन्माला घालू नयेत. मैत्रीण म्हणाली, "मग गर्दी कमी होईल, तिकिटं खपणार नाहीत." होईलही.

नंतर सर्पोद्यानात गेलो. नाग, मण्यार, घोणस, फुरसं. साप दूध पीत नाही हे तुम्हाला माहीत असेलच, पण शेजारचे आजोबा नातवाला नेमकं उलटं सांगत होते आणि नातू त्यांना दुरुस्त करत होता. आमचा टेस्टर त्या पोराजवळ उभा राहून पंधरा मिनिटं ऐकत होता. निघायची घाई सगळ्यात कमी त्यालाच होती.

जाणार असाल तर सकाळी गेट उघडल्या उघडल्या जा, तेव्हा प्राणी जरा हालचाल करताना दिसतात. बुधवारी बंद असतं. आणि दहा पिंजरे धावत बघण्यापेक्षा एकाच प्राण्यासमोर वीस मिनिटं गप्प उभे राहून बघा. आम्ही परतताना पांढऱ्या वाघासमोर तसे थांबलो. अठराव्या मिनिटाला त्यानं कूस बदलली.