सांडलेले रक्त आणि परवाना

लातूर-बार्शी रस्त्यावर ढोकीसारख्या गावात अपघात झाला, जखमींना हलवले, पंचनामा आटोपला, की रस्त्यावरच्या रक्तावर कोणीतरी माती टाकतो. घरात असा प्रसंग घडला तर घरचीच माणसे फरशी धुतात. हे काम खरे म्हणजे कोणाचे?

अमेरिकेत त्याचा स्वतंत्र व्यवसाय आहे. कॅलिफोर्निया राज्याने १९९७ साली कायदा करून अशा व्यावसायिकांना आरोग्य खात्याकडे नोंदणी सक्तीची केली. आपल्याकडे जवळचे म्हणजे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम. ते प्रथम १९९८ साली आले, २०१६ साली नव्याने झाले. कचरा कितीही थोडा असो, प्रदूषण नियंत्रण मंडळाची मान्यता घ्यावी लागते. नियमांत नावानिशी दिलेल्या यादीत रुग्णालये, रक्तपेढ्या आहेत; आणि शिक्षकांनी ध्यानात घ्यावे, शाळांच्या प्रथमोपचार खोल्याही आहेत! रस्ता आणि घर मात्र त्या यादीत नाहीत. म्हणजे शाळेतला रक्ताचा बोळा पिवळ्या पिशवीत जायला हवा, आणि फाटकाबाहेरचे तेच रक्त गटारात गेले तरी चालते.

विषाणूला हे फाटक कळत नाही. कावीळ ‘ब’चा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस तग धरतो. त्यावर क्लोरीनचा उपाय चालतो, पण क्लोरीन रक्तातील प्रथिनांवरही खर्च होतो. थारोळ्यावर नुसते द्रावण ओतले, तर विषाणूसाठी फारसे काही उरत नाही. म्हणून हातमोजे घालून आधी जुन्या वर्तमानपत्रांनी रक्त टिपावे, मग एक टक्का क्लोरीनचे द्रावण ओतून निदान दहा मिनिटे थांबावे. ताज्या ब्लीचिंग पावडरमध्ये सुमारे एक तृतीयांश उपयुक्त क्लोरीन असतो; तेव्हा लिटरभर पाण्याला तीस ग्रॅम पावडर लागते. उघड्या डब्यातली जुनी पावडर मात्र नुसता चुना समजावा. तिच्यात संडास धुण्याचे आम्ल कधीही मिसळू नये, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

हे रसायनशास्त्र घरोघरी जमेल. नियमांतली दुसरी गोष्ट तशी जमणारी नाही. असा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला कावीळ ‘ब’ आणि धनुर्वाताची लस देण्याची जबाबदारी २०१६ च्या नियमांनी संस्थेवर टाकली आहे. रस्त्यावर माती टाकणारा सफाई कामगार कोणत्याच संस्थेच्या यादीत नसतो. त्याला ती लस कोणी द्यायची, हे ग्रामपंचायतीच्या बैठकीत विचारता येईल.