हार्ड डिस्क कोणत्या कंपनीची घ्यावी?



आपली ऊसनोंद, वजनकाट्याची पावती, ऊसबिल, शेअर्सचे खाते हे सर्व आता ऑफिसच्या संगणकात, हार्ड डिस्क नावाच्या डबीत राहते. म्हणून "डिस्क चांगल्या कंपनीची घ्या" असा आग्रह सभासद धरतात, तो रास्तच आहे.

पण बाजारात निवड फारशी उरलेली नाही. सॅमसंगचा हा धंदा २०११ साली सीगेटने, तर हिताचीचा २०१२ साली वेस्टर्न डिजिटलने घेतला. आज फिरत्या तबकडीची डिस्क बनवणाऱ्या सीगेट, वेस्टर्न डिजिटल व तोशिबा या तीनच कंपन्या आहेत. तिघींचाही माल चालतो, आणि तिघींचाही कधी ना कधी बिघडतो. आत तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते. फिरणारी वस्तू झिजणारच.

तेव्हा नावापेक्षा काम पाहावे. रात्रंदिवस चालणाऱ्या मुख्य संगणकाला साधी डिस्क लावू नये. त्यासाठी वेगळा प्रकार मिळतो. वॉरंटी किती वर्षांची तेही पाहावे. परंतु वॉरंटीत डिस्क नवी मिळते, आतला हिशेब मिळत नाही!

त्यावर उपाय एकच : हिशेबाची रोज दुसरी नक्कल काढावी, ती वेगळ्या जागी ठेवावी, आणि दोन्ही डिस्क एकाच लॉटच्या नसाव्यात. एकाच प्लॉटचे बेणे सगळ्या रानात लावले नि काणी निघाली, तर हाती काय उरते हे आपणांस सांगायला नको.

सभासदांनीही बिल हाती पडेपर्यंत वजनपावती जपून ठेवावी. सर्वांत स्वस्त नक्कल तीच.