हिंगोलीचा अंधार

आश्विन अमावास्येला रात्री दहा-अकराच्या सुमारास हिंगोलीहून पाहिलं, तर देवयानी दीर्घिका उत्तरेला ६८ अंशांवर, म्हणजे मान चांगलीच मागे टाकावी लागेल इतकी वर आलेली असते. चंद्र नाही, पावसाचे ढग ओसरलेले, हिवाळ्यातलं दव अजून पडायचंय. २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला तिचा प्रकाश टिपायला याहून चांगला मुहूर्त नाही, आणि नेमका त्याच रात्री फटाक्यांचा धूर सगळं झाकून टाकतो. म्हणून फोटो काढायचा असेल तर वसुबारसेच्या आधीचे दिवस धरावेत, नाहीतर भाऊबीजेनंतरचे. भाऊबीजेची कोर लवकर मावळते, तिचा त्रास नाही.

दीर्घिका, तेजोमेघ, तारकागुच्छ यांचे फोटो घरच्या अंगणातून काढायचे, हा छंद मोबाइलच्या जमान्यातला वाटतो. तो तसा नाही. लंडनजवळ ईलिंगला राहणाऱ्या अँड्र्यू कॉमन नावाच्या इंजिनिअरने जानेवारी १८८३ मध्ये स्वतःच्या बागेत उभारलेल्या ३६ इंची दुर्बिणीतून मृगातल्या तेजोमेघाचा फोटो काढला. दुर्बिणीला डोळा लावून जे तारे दिसत नव्हते, ते काचेवर उमटले. पुढच्याच वर्षी रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने या हौशी माणसाला सुवर्णपदक दिलं.

आपल्याकडेही हा तेजोमेघ फार उशिरा पोचला नाही. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून वेधशाळा उभी केली. तिथली ग्रब कंपनीची २० इंची दुर्बीण त्या काळी देशातली सर्वांत मोठी. मृगातल्या तेजोमेघाच्या वर्णपटात एक ठळक हिरवी रेषा येते, तिच्यावर त्यांनी १८९१ मध्ये लिहिलं. ती रेषा कशाची, यावर तेव्हा वाद होता. खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर ती मॅग्नेशियमची म्हणत, इतरांना ते पटत नव्हतं. उत्तर मिळायला १९२७ साल उजाडलं: दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची ती रेषा, असं आयरा बोवेन यांनी दाखवलं. आज हौशी लोक जे ‘ओ-थ्री’ फिल्टर मागवतात, ते याच रेषेपुरता प्रकाश आत सोडतात. १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद पडली, दुर्बीण कोडाईकॅनालला गेली. एका माणसावर उभी असलेली संस्था तो माणूस गेला की संपते, याचा आपल्याकडचा हा एक जुना दाखला. हौशी मंडळींनी मात्र तग धरला. १९४४ मध्ये पुण्यात स्थापन झालेली ज्योतिर्विद्या परिसंस्था अजून चालू आहे.

आता हिंगोलीतल्या परसात येऊ. पहिली अडचण ध्रुवाची. नरसीचे नामदेव औंढ्याला देवळामागे कीर्तनाला बसले तेव्हा देऊळच फिरलं, असं सांगतात. इथे पृथ्वी फिरते, म्हणून कॅमेऱ्याला उलट फिरवावं लागतं. त्यासाठीच्या यंत्राला, ट्रॅकरला, अक्ष ध्रुवाकडे रोखून द्यावा लागतो. युरोपात ध्रुव उंच असतो. हिंगोलीला तो क्षितिजापासून जेमतेम २० अंशांवर, म्हणजे शेजाऱ्याची पाण्याची टाकी किंवा बांधावरचा लिंब तो सहज खाऊन टाकतो. जागा निवडताना आधी उत्तर मोकळी आहे का ते पाहायचं. पण याच अक्षांशाने देणंही दिलंय. कृत्तिका इथे जवळजवळ डोक्यावर येतात, जिथे हवेचा थर सर्वांत पातळ. आणि नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा प्रचंड तारकागुच्छ, जो लंडनहून कधीच दिसत नाही, तो एप्रिल-मेमध्ये दक्षिणेला २३ अंशांवर उभा राहतो.

दुसरी अडचण उन्हाळ्याची. सेन्सर जितका तापलेला, तितके फोटोत खोटे ठिपके जास्त. मराठवाड्यातल्या मेच्या रात्री साधा कॅमेरा दोन मिनिटं उघडा ठेवला, तर तारे कुठले आणि ठिपके कुठले हे कळेनासं होतं. उपाय जुनाच आहे. लेन्सवर झाकण लावून, तितक्याच वेळेचे, त्याच तापमानात काही फोटो काढायचे. त्यांत फक्त खोटे ठिपके येतात, ते खऱ्या फोटोतून वजा करायचे. यांना ‘डार्क’ म्हणतात. धुळीचे डाग वगळायला आणखी काही फोटो लागतात, त्यांना ‘फ्लॅट’ म्हणतात. ते काढायला लेन्सच्या तोंडावर पांढरं सुती धोतर ताणून रबरबँडने बांधायचं आणि पहाटेच्या उजेडाकडे कॅमेरा धरायचा. आतल्या धुळीचा प्रत्येक कण त्यात काळ्या वर्तुळासारखा उमटतो. हळद शिजवण्याच्या दिवसांत ही वर्तुळं किती वाढतात, ते पाहण्यासारखं आहे.

खरं काम पुढे संगणकावर. एका फोटोत देवयानी म्हणजे करडा डाग. तसे शंभर फोटो एकमेकांवर रचले, की प्रकाश शंभरपट होतो आणि खरखर दहापटच. ‘सिरिल’ किंवा ‘डीपस्कायस्टॅकर’ ही सॉफ्टवेअरं हे काम फुकट करतात. माझ्या मते महागड्या दुर्बिणीपेक्षा इथेच माणूस शिकतो.

याच जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळ्याला लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होते आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिला मंजुरी दिली, खर्च २६०० कोटी. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि त्यांच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी झालेला फरक मोजायचा. त्यासाठी हवी असते स्थिर जमीन. आकाश काळं असो की पिवळं, लायगोला फरक पडत नाही.

तरीही दोन्ही गोष्टी एकमेकींना भेटतात. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन तारे धडकल्याच्या लहरी पोचल्या, आणि काही तासांत चिलीतल्या एक मीटरच्या दुर्बिणीने वासुकी तारकासमूहातल्या एनजीसी ४९९३ या दीर्घिकेत नवा ठिपका शोधला. तो १७व्या प्रतीचा, म्हणजे फार मंद होता. अंधाऱ्या गावातून आठ-दहा इंची दुर्बीण आणि थंड केलेला कॅमेरा वापरला, तर हौशी माणसालाही १७वी प्रत गाठता येते. ही दीर्घिका एप्रिल-मेच्या रात्री हिंगोलीच्या आकाशात ४७ अंशांपर्यंत चढते. आताच्या वेधशाळांत दुधाळ्याची भर पडली की लहर आकाशात कुठून आली हे आताहून बरंच नेमकं सांगता येईल. मग शोधायचा तुकडा लहान होतो आणि परसातली दुर्बीणही उपयोगाची ठरते.

अट एकच, अंधार. हिंगोली, वसमत, कळमनुरी मागे टाकून शेतात गेलं की आकाशगंगेचा पट्टा अजून दिसतो. पण गावोगावच्या चौकांत हायमास्ट उभे राहताहेत आणि त्यांचा पांढरा एलईडी उजेड चौकाबरोबर वरही जातो. सोडियमच्या जुन्या पिवळ्या दिव्यांचा प्रकाश मोजक्या रंगांचा, तो फिल्टरने गाळता येई. एलईडीचा प्रकाश सगळ्या रंगांत पसरलेला, तो गाळायला गेलं तर दीर्घिकाही गाळली जाते. जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्रप्रकल्प देशातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ ठरला, तो आसपासच्या गावांतले शंभरावर दिवे बदलूनच. गावं अंधारात गेली नाहीत. दिव्यांचं तोंड खाली वळलं, इतकंच. हायमास्टची कामं जिल्हा नियोजनाच्या बैठकीत मंजूर होतात, तेव्हा दिव्याला वरून झाकण आणि पांढऱ्याऐवजी पिवळसर बल्ब, एवढ्या दोन अटी निविदेत घालायला वेगळा निधी लागत नाही. दुधाळ्याच्या आसपासच्या गावांपासून सुरुवात करता येईल.