यंत्रांची बोली

२०२० साली करोनाच्या साथीत बोटाला लावायचे ऑक्सिमीटर सामान्य माणसाच्या घरात आले. त्या सप्टेंबरात महाराष्ट्र सरकारने ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम काढली, तेव्हा आशा भगिनी हेच यंत्र घेऊन दारोदार फिरल्या. यंत्राच्या काचेवर दोन आकडे दिसतात. समजा, ९६ आणि ८२. पहिला रक्तातील प्राणवायूचा शेकडा, दुसरा नाडीचे मिनिटाला पडणारे ठोके. पाहणाऱ्याला हे ठाऊक असते, म्हणून आकड्यांना अर्थ. हेच आकडे दहा कोसांवरच्या डॉक्टरकडे नुसते आकडे म्हणून गेले आणि वाटेत त्यांची अदलाबदल झाली, तर धडधाकट माणसाच्या दारात रुग्णवाहिका येऊन उभी राहील. उलट प्रकार झाला, तर जिथे ती यायला हवी तिथे येणारच नाही.

रुग्णाने घरी राहावे आणि त्याच्या प्रकृतीवर दुरून लक्ष ठेवावे, हा सारा व्यवहार या अडचणीपाशी येऊन थांबतो. यंत्रे पुष्कळ झाली आहेत. रक्तदाबाचे आहे, साखरेचे आहे, वजनाचा काटाही आता आपण होऊन निरोप धाडतो. पण प्रत्येक कारखानदाराने आपल्या यंत्राला आपलीच बोली शिकविली. एकाचे दुसऱ्याला कळत नाही.

पूर्वी मनमाड स्टेशनात रुंद रूळ आणि अरुंद रूळ यांची गाठ पडे. एका गाडीतला माल उतरवून दुसरीत भरल्याशिवाय तो पुढे जात नसे. नव्वदीच्या दशकात रूळ रुंद झाले, तेव्हा तो खटाटोप संपला. जिथे यंत्रे एकमेकांशी बोलत नाहीत, तिथे ही हमाली परिचारिकेकडे येते. पडद्यावरचा आकडा पाहायचा, कागदावर उतरवायचा, मग कुणीतरी तो संगणकात चढवायचा. रात्रपाळीच्या चौथ्या तासाला थकलेल्या हाताकडून ८६ चे ६८ झाले, तर त्या हाताला दोष देण्यात काय अर्थ आहे?

१९८७ साली अमेरिकेत ‘एचएल सेव्हन’ ही संस्था या कामासाठी स्थापन झाली. नावातला सातचा आकडा संगणकांच्या संभाषणाच्या सात पायऱ्यांवरून आला. तार कशी जोडावी, संकेत कसा वाहून न्यावा, हे खालच्या पायऱ्यांचे काम. बोलायचे काय, हे सर्वांत वरच्या सातव्या पायरीचे. संस्थेने निरोपाचा साचा ठरवून दिला. निरोप म्हणजे ओळींचा जुडगा. प्रत्येक ओळीच्या आरंभी तीन अक्षरांची खूण आणि आत उभ्या रेघांनी पाडलेले रकाने, अगदी कारखान्याच्या हजेरीपटासारखे. एमएसएच या खुणेची ओळ सांगते की निरोप कोणाचा, कोणाला आणि केव्हाचा. पीआयडी ही ओळ रुग्ण कोण ते सांगते. ओबीएक्स या ओळीत खरा माल असतो: काय मोजले, किती भरले, कोणत्या एककात, निरोगी माणसात ते किती असते आणि हा आकडा त्या मर्यादेत आहे की नाही.

‘काय मोजले’ हे शब्दांत लिहून भागत नाही. नाडी, पल्स, हृदयगती, माणसाला एकच, यंत्राला तीन. म्हणून प्रत्येक मोजमापाला क्रमांक दिलेला असतो. यंत्रांसाठीच्या आयईईई ११०७३ या प्रमाणमालिकेत बोटावरून मोजलेल्या प्राणवायूचा क्रमांक १५०४५६ आहे. इंडियानापोलिसच्या रीगनस्ट्रीफ संस्थेने १९९४ पासून चालविलेल्या लॉइंक नावाच्या यादीत त्याचाच क्रमांक ५९४०८-५ आहे, आणि हृदयाच्या ठोक्यांचा ८८६७-४. दोन याद्या कशाला, असे कोणी विचारील. विचारावेच. एक यंत्र बनविणाऱ्यांच्या बाजूने वाढली, दुसरी प्रयोगशाळांच्या बाजूने. आता एकीचा क्रमांक दुसरीत फिरविण्याचे कोष्टक सांभाळावे लागते.

एककाचा रकाना तर जिवाशी गाठ घालणारा. आपल्याकडे रक्तातली साखर डेसिलिटरला मिलिग्रॅममध्ये सांगतात, इंग्लंडात लिटरला मिलिमोलमध्ये. तिथले १० म्हणजे इथले १८०. लंडनच्या मुलाने आईला तिकडचे यंत्र पाठविले आणि त्याने नुसता १० हा आकडा धाडला, तर इथला डॉक्टर हबकून जाईल. एकक बरोबर गेले की गोंधळ उरत नाही.

वेळेचेही तसेच. खेड्यात फोनला रेंज नसते. सकाळी सातला घेतलेला रक्तदाब दुपारी तीनला पोचतो. म्हणून मोजल्याची वेळ आणि पाठविल्याची वेळ निरोपात वेगवेगळ्या लिहितात. मात्र घरात एकच यंत्र असेल आणि आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांनी त्यात हात घातला असेल, तर हा दाब कोणाचा, हे कोणताही साचा आपण होऊन ओळखणार नाही. ते घरातल्या माणसाने सांगायचे.

२०११ साली ऑस्ट्रेलियाचे ग्रॅहम ग्रीव्ह यांनी याच संस्थेपुढे एक नवी, सुटसुटीत पद्धत मांडली. तिचा उच्चार ‘फायर’ असा करतात. तिच्यात प्रत्येक निरीक्षण हा एक स्वतंत्र दाखला असतो आणि हवा तो दाखला मागवून घेता येतो. तिचा मसुदा कोणालाही फुकट वाचता येतो, हे मला विशेष महत्त्वाचे वाटते. पैसे मोजल्याशिवाय कराराची कलमे वाचता येत नसतील, तर तो करार दुबळ्याच्या काय उपयोगाचा? भारत सरकारने २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू केलेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये हीच पद्धत घेतली आहे. रुग्णाच्या संमतीवाचून त्याचे दाखले दुसरीकडे जाऊ नयेत, अशी तिथली योजना आहे.

निरोप नीट पोचला म्हणजे रुग्ण बरा झाला, असे मात्र नाही. अमेरिकेत हृदय दुबळे झालेल्या १,६५३ रुग्णांवर एक प्रयोग झाला. त्याचा निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाला. रुग्णाने रोज फोन करून आपले वजन आणि लक्षणे यंत्राला सांगायची आणि कामाच्या दिवशी दवाखान्यातल्या माणसांनी ती पाहायची. पुन्हा इस्पितळात येण्यात किंवा मृत्यूत काहीही फरक पडला नाही. २०१८ साली जर्मनीतल्या प्रयोगाचा निष्कर्ष आला. तिथे १,५७१ रुग्ण होते. त्यांचे वजन, रक्तदाब, हृदयाचा आलेख आणि प्राणवायू रोज बर्लिनच्या केंद्रात जाई आणि तिथे डॉक्टर व परिचारिका रात्रंदिवस हजर असत. दर शंभर रुग्णांमागे वर्षाला होणारे मृत्यू ११.३ वरून ७.९ वर आले. दोन्ही प्रयोगांत इतरही फरक होते, हे कबूल केले पाहिजे. पण रात्री दोन वाजता आलेला निरोप वाचायला पगारी माणूस बसलेला असणे, हा फरक मी लहान मानीत नाही.

आपल्या नगरपालिकेच्या दवाखान्यासाठी यंत्रे घेताना निविदेत पाहण्यासारखे थोडेच आहे. यंत्र कोणत्या प्रमाणभूत बोलीत निरोप पाठविते, हे नावानिशी लिहिलेले असावे. आकडे बाहेर काढण्यासाठी पुढे वेगळे पैसे मागता येणार नाहीत, असे कलम असावे. नाहीतर यंत्र स्वस्तात मिळते आणि दोन वर्षांनी विक्रेता बदलायचे म्हटले की रुग्णांचा सारा इतिहास त्याच्या पेटीत अडकून बसतो. आणि निरोप पाहणाऱ्या किती परिचारिका, किती पाळ्यांत, कोणत्या पगारावर, याचा खर्च यंत्राच्या किमतीशेजारीच मांडलेला असावा.