गोष्ट पुढे चालू दे

आपल्याकडे गोष्ट ऐकणाऱ्याला एक काम असतं, हुंकार देण्याचं. आजी एक वाक्य म्हणते, ऐकणारा ‘हं’ म्हणतो, मग पुढचं वाक्य. ‘हं’ आलं नाही की आजी थांबते आणि विचारते, ‘झोपलात का रे?’ वरवर पाहता गोष्ट एकटी आजी सांगते, पण ती चालते ऐकणाऱ्याच्या हुंकारावर. मुलांनी मिळून गोष्ट रचण्याचे जे खेळ हल्ली शिबिरांतून घेतात, त्यांची पहिली पायरी आपल्या घरात पूर्वीपासूनच आहे. हुंकाराच्या जागी एखादा शब्द आला आणि शब्दाच्या जागी वाक्य, की झाला खेळ सुरू.

आमच्या घरी सुट्टीच्या दुपारी माझी दोन नातवंडं आणि शेजारची तीन-चार मुलं जमतात. वयं चार ते आठ. भेंड्यांत दोन पक्ष असतात, समोरच्यावर भेंडी चढवायची असते. इथे पक्षच नाहीत, हरणं-जिंकणं नाही. सगळ्यांची मिळून एक गोष्ट, आणि ती बंद पडू द्यायची नाही, एवढाच नियम.

चार वर्षांच्या मुलाला ‘चल, एक गोष्ट सांग’ म्हटलं तर ते नुसतं बघत राहतं. म्हणून त्याला पाठ असलेली गोष्ट घ्यावी आणि तिच्यातली एकच वस्तू बदलावी. म्हातारी आणि भोपळा घ्या. लेकीकडून परत येताना भोपळा मिळालाच नाही, तर म्हातारी कशातून येईल? आमच्याकडे उत्तर आलं, ‘केळ्याच्या ट्रकमधून!’ बुऱ्हाणपूरच्या मुलाला दुसरं काय सुचणार? मग वाघ आडवा आल्यावर तिने त्याला केळी दिली, वाघाने सालासकट खाल्ली आणि त्याचं पोट दुखलं. ही तीन वाक्यं तीन वेगवेगळ्या मुलांची होती.

पाच-सहा वर्षांच्या मुलांना दोन शब्दांचा खेळ आवडतो. इटलीतले बालसाहित्यिक जानी रोदारी यांनी 1973 साली आलेल्या आपल्या पुस्तकात तो सविस्तर मांडला आहे. एकमेकांशी काही संबंध नसलेले दोन शब्द घ्यायचे. त्यांचं उदाहरण कुत्रा आणि कपाट यांचं आहे. कपाटातला कुत्रा, कुत्र्याचं कपाट, पाठीवर कपाट घेतलेला कुत्रा. शब्द जितके लांबचे तितकी गोष्ट चांगली, कारण मधलं अंतर मुलांनाच भरून काढावं लागतं. आम्ही एकदा ‘मावा जलेबी’ आणि ‘पॉवरलूम’ घेतले. जलेबीचा धागा करून कापड विणलं गेलं, त्याचा सदरा शिवला आणि सदऱ्याला मुंग्या लागल्या!

पण आमचा सगळ्यात रंगलेला खेळ गावातूनच आला. आपला कुंडी भंडारा मुलांनी पाहिलेला असतो, निदान ऐकलेला तरी असतो. 1615 च्या सुमारास अब्दुर्रहीम खानखाना यांच्या काळात तो बांधला गेला. शाळेत ज्यांचे दोहे पाठ करावे लागतात, तेच हे रहीम. सातपुड्याच्या डोंगरातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून शहराकडे यावं, अशी ती योजना. वर दिसतात नुसती विहिरींसारखी तोंडं. अशा शंभराहून जास्त कुंड्या आतून एकमेकींना जोडलेल्या आहेत. मुलांना ओळीत बसवायचं, प्रत्येक मूल म्हणजे एक कुंडी. पहिल्या कुंडीत डोंगरातून एक थेंब येतो. त्या थेंबाला आपल्या कुंडीत काय दिसलं ते एका वाक्यात सांगायचं आणि थेंब पुढच्याला द्यायचा. थेंब परत मागे जात नाही, म्हणून आधीच्याने सांगितलेलं पुसता येत नाही. हा नियम मला समजावून सांगावाच लागला नाही. पाणी उलटं वाहत नाही, हे चार वर्षांच्या मुलालाही माहीत असतं.

अडचणी येतातच. एखादा पठ्ठ्या पहिल्याच फेरीत जाहीर करतो, ‘सगळे मेले. गोष्ट संपली.’ रागावू नये. शांतपणे त्यालाच विचारावं, ‘बरं, मग तिथे कोण आलं?’ बहुतेक वेळा तोच डॉक्टरला बोलावतो. त्याहून अवघड असतं आठ वर्षांचं हुशार मूल, जे धाकट्यांची वाक्यं दुरुस्त करत बसतं. अमेरिकेतल्या बालवाडी शिक्षिका व्हिव्हियन पेली यांनी वर्गात नियमच केला होता की ‘तू आमच्यात खेळायचं नाहीस’ असं कोणी कोणाला म्हणायचं नाही. आम्ही त्याला आपली पुस्ती जोडली आहे, ‘असं नसतं’ हेही म्हणायचं नाही. मोठ्याला मी वहीत गोष्ट लिहून घ्यायला बसवते. दुरुस्तीची हौस शुद्धलेखनात भागते.

आता भाषेविषयी, कारण खरी गोम तिथेच आहे. आपली मुलं शाळेत हिंदी किंवा इंग्रजीतून शिकतात, गल्लीत हिंदीतून खेळतात. मराठी त्यांना कळते, पण उत्तर हिंदीतून येतं. ‘मराठीत बोल’ असं दहादा म्हटलं की मूल मराठी बोलत नाही, ते बोलायचंच थांबतं. खेळात नात म्हणते, ‘फिर वो नदी में गिर गया.’ मी म्हणते, ‘हो ना, थेंब तापीत पडला! आणि मग त्याला कोणी पाहिलं?’ वाक्य तिचंच, फक्त मराठी होऊन परत येतं. पुढच्या मुलाला तिथूनच उचलावं लागतं. ज्या गावच्या जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही आहे, तिथे एका गोष्टीत दोन भाषा आल्या तर बिघडलं कुठे? हे सगळ्यांना पटत नाही, मला ठाऊक आहे. पण हिंदी वाक्याला मी गोष्टीबाहेर काढलं असतं, तर आज नातीच्या तोंडून ‘झिरपलं’ हा शब्द ऐकायला मिळाला नसता.

शेजारचा पाच वर्षांचा एक मुलगा महिनाभर काहीच बोलला नाही. त्याला आम्ही पाऊस केलं. डब्यात थोडे हरभरे घालून तो वाजवायचा. पाऊस आला की थेंब पुढे सरकायचा, म्हणजे गोष्ट त्याच्या हातात होती. त्याची कुंडी रिकामी ठेवायची, पण गाळायची नाही. एका रविवारी थेंब त्याच्यापाशी आला, तेव्हा तो हळूच म्हणाला, ‘बेडूक.’ एवढंच. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, ते बरं झालं. पुढची कुंडी लगेच म्हणाली, ‘बेडकाने थेंबाला पाठीवर घेतलं.’

पेली मुलांच्या गोष्टी त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यायच्या आणि वर्गात मुलांकडूनच त्या करवून घ्यायच्या. आमच्या वहीतली बेडकाची गोष्ट आता सातव्या कुंडीपर्यंत आली आहे. बेडकाला शहरात जायचं नाही, त्याला मोटारींची भीती वाटते. थेंब एकटा पुढे जाईल की त्याच्यासाठी थांबेल, यावर दोन रविवार चर्चा चालू आहे.